अंत्युखियाच्या वाटेवर

ज्या शहरातल्या ख्रिस्ती मंडळीनं परक्या मुलखातल्या दुष्काळासाठी पैसे गोळा करून पाठवल्याची नोंद बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आहे, तेच शहर २०२३ मध्ये भुईसपाट झालं. बायबलमधलं अंत्युखिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं, हाताय प्रांतातलं अंताक्या. ६ फेब्रुवारीच्या पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याच दुपारी ७.५ चा दुसरा. तुर्कस्तानात ५३,००० हून अधिक माणसं गेली, सीरियात आणखी काही हजार. एकट्या हाताय प्रांतातला आकडा २४,००० च्या वर आहे.

त्याच आठवड्यातल्या रविवारी आमच्या मंडळीत विशेष दानार्पण घेतलं. ते एका ख्रिस्ती मदत संस्थेमार्फत गेलं, आणि पुढंही दर महिन्याला थोडं थोडं जात राहिलं. ज्या मंडळीच्या हाती ते पोचत होतं तिनं यंदा बोलावलं, म्हणून आम्ही निघालो: मंडळीचा हिशेब पाहणारा मी, आणि आमच्या एक ताई, ज्यांची उभी हयात रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली. जायची गरज काय, तिकिटाचे पैसेही तिकडंच पाठवा, असं काहींचं म्हणणं पडलं. मुद्दा रास्त होता. म्हणून प्रवासाचा खर्च दोघांनी आपापल्या खिशातून केला, अर्पणाला हात लावला नाही. पण जाऊ नये हे मला पटलं नाही. यरुशलेमसाठी जमवलेली वर्गणी प्रेषित पौलानं एकट्यानं नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, आणि कारणही करिंथ शहरातल्या मंडळीला स्पष्ट लिहिलं: एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी बोट दाखवू नये, देवासमोर आणि माणसांसमोरही व्यवहार चोख असावा. पैसा पाठवणाऱ्यानं तो कुठं गेला हे डोळ्यांनी पाहावं, आणि घेणाऱ्यालाही देणाऱ्याचा चेहरा दिसावा, एवढ्यासाठी हा प्रवास.

गुरुवार, ३ एप्रिल २०२५: तार्सस

अंताक्याला थेट जाता आलं असतं. मुद्दाम तार्ससहून सुरुवात केली, कारण बर्णबा शौलाला, म्हणजेच पौलाला, शोधायला इथंच आला होता. त्याला घेऊन तो अंत्युखियाला गेला आणि दोघांनी वर्षभर तिथल्या लोकांना शिकवलं.

गावात पौलाच्या नावाची विहीर दाखवतात. काचेखाली जुन्या घराचे पाये आहेत, बाजूला विहिरीचं तोंड. पौलाशी तिचा संबंध परंपरेनं जोडलेला आहे, त्यापलीकडं दावा करण्यात अर्थ नाही. पाहून लगेच निघालो.

संध्याकाळी अदानाच्या मुक्कामी ताईंनी प्रेषितांच्या कृत्यांचा अकरावा अध्याय मोठ्यानं वाचला. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळालं, हे वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या लगेच पुढं काय आहे याकडं सहसा लक्ष जात नाही. यरुशलेमहून संदेष्टे येतात, त्यांतला अगब उठून सांगतो की मोठा दुष्काळ पडणार आहे, आणि शिष्य ठरवतात की प्रत्येकानं आपापल्या ऐपतीप्रमाणं यहूदीयातल्या भावांना मदत पाठवायची. मध्ये ना सभा, ना वाद, ना एखादा चमत्कार. ख्रिस्ती म्हणवल्या गेलेल्या माणसांचं नोंदलं गेलेलं पहिलं काम म्हणजे वर्गणी. यरुशलेम तिथून ५०० किलोमीटरहून दूर. देणाऱ्यांत ग्रीकही होते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ते शहर जन्मात पाहिलं नसणार.

शुक्रवार: इस्कंदरून

अदानाहून बसनं इस्कंदरूनला आलो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला अमानोसचा डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. भूकंपानंतर इथल्या बंदरात कंटेनरना आग लागली, ती काही दिवस धुमसत होती. किनाऱ्याची जमीन खचल्यानं समुद्राचं पाणी रस्त्यांवर आलं. लॅटिन कॅथलिकांचं कॅथीड्रल कोसळलं.

टॅक्सीवाल्यानं विचारलं, कुठून आलात? भारत म्हटल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली, मागं वळून ताईंचा हात हातात घेतला आणि ओळखीचा एकच शब्द म्हणाला, दोस्त. 'ऑपरेशन दोस्त' या मोहिमेत भारतीय लष्कराचं फील्ड हॉस्पिटल याच गावात उभं राहिलं होतं. त्याच्या मेव्हण्याच्या पायावर तिथं उपचार झाले होते. पैसे घ्यायला तो तयार होईना. आम्ही आग्रह केला, तेव्हा निम्मे घेतले.

दुपारी मदतकार्य सांभाळणाऱ्या एका बाईंना भेटलो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या ताब्यात एक गोदाम होतं. त्यांचं बोलणं इथं सविस्तर देतो, कारण दूरवर बसून देऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं ते ऐकायला हवं.

पहिल्या तीन दिवसांत माणसं वाचवली ती शेजाऱ्यांनी, हातांनी विटा उपसून, आणि मग बचाव पथकांनी. त्या वेळी दूरच्या माणसाचं पार्सल काही कामाचं नव्हतं. नंतर ट्रक यायला लागले. त्यांत कपडे, कपडे आणि कपडे. फेब्रुवारीतल्या थंडीत उन्हाळी फ्रॉक, एकेकटे बूट, एका गठ्ठ्यात तर लग्नातला पोशाख. हे सगळं निवडायला वीस माणसं लागत, आणि तीच वीस माणसं त्या वेळी पाणी वाटू शकली असती. ज्याला कुणी हात लावला नाही ते पावसात भिजून कुजलं, मग ते फेकायला पुन्हा ट्रक. बाई चिडून बोलत नव्हत्या. पाठवणाऱ्यांचं प्रेम खरंच होतं, असं त्या दोनदा म्हणाल्या. पण त्या प्रेमानं विचारलं नव्हतं, की तुम्हाला काय हवंय?

त्यांना हवे होते पैसे. पैशानं शंभर किलोमीटरवरच्या घाऊक बाजारातून हवी ती वस्तू दुसऱ्या दिवशी येते, मापाची येते, आणि पडझडीतून वाचलेल्या दुकानदाराचा धंदाही चालतो. पहिल्या आठवड्यात त्यांनी रोखीतून बायकांसाठी आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड, इन्शुलिन ठेवायला थंड पेट्या आणि लहान मुलांचं दूध घेतलं. यातलं काहीच कुणी गठ्ठ्यातून पाठवलं नव्हतं.

अगबानं सांगितलेल्या दुष्काळातही असंच घडलं होतं. रोमन सम्राट क्लौद्याच्या राज्यात यरुशलेममध्ये लोक भुकेनं मरत होते तेव्हा अदियाबेनेची राणी हेलेना तिथं होती. इतिहासकार योसेफस लिहितो की तिनं माणसं पाठवून आलेक्सांद्रियाहून धान्य आणि कुप्रहून सुकी अंजिरं विकत आणवली, आणि तिच्या मुलानं यरुशलेमच्या पुढाऱ्यांकडं पैसे धाडले. तिचं स्वतःचं राज्य टायग्रिसच्या पलीकडं होतं. तिथून गाड्या हाकत बसली नाही. माल जिथं मिळत होता तिथं पैसे पोचवले. गोदामवाल्या बाईंना ही गोष्ट सांगितली, तर त्यांनी वहीत हेलेनाचं नाव लिहून घेतलं.

शनिवार: अंताक्या

सकाळी बेलेनच्या घाटातून डोंगर ओलांडला. पलीकडं आमिकचं सपाट मैदान. पूर्वी इथं सरोवर होतं, ते आटवलं आणि त्या जमिनीवर विमानतळ बांधला. भूकंपात त्याची धावपट्टी उभी चिरली, म्हणून पहिले काही दिवस हातायला हवाईमार्गानं मदत पोचेना. शहर पडलं त्याची कारणं साधी: नदीकाठची भुसभुशीत माती, तिच्यावर बेताच्या सळ्यांवर चढवलेले मजले, नियम मोडून बांधलेल्या इमारतींना दंड भरून दिलेली कायदेशीर माफी. पूर्व अनातोलियाचा भूभंग धोक्याचा आहे हे सर्वांना माहीत होतं. ११५ साली सम्राट ट्रेजन मुक्कामाला असताना हे शहर पडलं, ५२६ मध्ये पडलं, १८७२ मध्ये पडलं.

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का, असं येशूनं विचारलं आणि नाही असं स्वतःच उत्तर दिलं. आपल्यातही कुठं आपत्ती आली की काही जण तिथल्या लोकांचा धर्म आणि वागणूक तपासायला बसतात. या मैदानात उभं राहून मला ते फार क्रूर वाटलं. प्रभूनं जिथं नाही म्हटलं, तिथं आपण हो म्हणण्याचा अधिकार कुठून आणतो?

जुन्या शहरात कुर्तुलुश रस्त्यावरून चाललो. कितीतरी ठिकाणी नुसती मोकळी जमीन. मध्येच एखादी कमान, एखादा जिना, आणि त्यांच्या मागं उंच क्रेन. संत पेत्र आणि पौलाच्या नावाचं ऑर्थोडॉक्स चर्च १८७२ च्या भूकंपानंतर पुन्हा उभारलं होतं, तेही गेलं. शहरातल्या ज्यू समाजाचे प्रमुख पत्नीसह गेले. प्रोटेस्टंट मंडळीची जुनी इमारत कोसळली. हबीब नज्जार मशिदीची पडझड झाली. डोंगराच्या कुशीतली पेत्राच्या नावाची गुहा मात्र शाबूत आहे. आम्ही ती खालूनच पाहिली, कारण जिथं जायचं होतं तिथं लोक वाट पाहत होते.

कंटेनरची वस्ती शहराबाहेर आहे. एकेक कंटेनर २१ चौरस मीटरचा. त्यातच झोपायचं, रांधायचं, मुलांनी अभ्यास करायचा. इथली एक आजी अरबीत बोलायची, तिच्या नातीनं त्याचं तुर्कीत केलं आणि आमच्या दुभाष्यानं ते आमच्यापर्यंत आणलं. ताईंनी रक्तदाब मोजण्याचं यंत्र काढलं तेव्हा आजीनं गादीखालून एक वही काढली. तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात 'झोप झाली' किंवा 'नाही झाली'. दोन वर्षांची वही. सुरुवातीची कितीतरी पानं 'नाही'च्या खुणांनी भरलेली. ताईंनी एकेक पान उलटत ती शेवटपर्यंत वाचली. मी इतका वेळ कुणाला आकडे वाचताना पाहिलेलं नाही.

वहीवर बोलणं झाल्यावर आजीनं विचारलं, "फोटो कधी काढायचा?" आम्हाला समजेना. नातीनं सांगितलं की पूर्वी पिशवी मिळाली की फोटो काढावा लागायचा. पिशवी हातात धरून, कॅमेऱ्याकडं बघून, काही जण तर म्हणायचे जरा हसा. एकदा डाळीच्या पिशवीसाठी तीन वेगवेगळे फोटो झाले. आजी तेव्हा घरच्या चौघांची माती देऊन आली होती.

आम्ही फोटो काढला नाही. देणाऱ्याला पुरावा हवा असतो हे मी हिशेब पाहणारा माणूस म्हणून समजतो, पण पावती, बिल आणि वाटपाची यादी एवढा पुरावा भरपूर आहे. घेणाऱ्याच्या चेहऱ्यानं त्याची किंमत चुकवू नये. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये असं शिकवलेल्या आपल्या माणसांनी तर हा प्रघात मुळीच चालू देऊ नये.

वस्तीत एका कंटेनरमध्ये शिलाई यंत्रं मांडली आहेत. त्यांतली काही आमच्या अर्पणातून घेतलेली. तिथं ऑर्थोडॉक्स बाया होत्या, अलेवी पंथाच्या होत्या, सुन्नी होत्या, आणि युद्धातून पळून आलेल्या सीरियन बायाही होत्या, ज्यांच्यावर हे दुसरं संकट. तिथल्या मंडळीच्या पाळकांना विचारलं, मदतीबरोबर तुम्ही पत्रकं देता का? ते म्हणाले, "अन्नाच्या पिशवीत पत्रक घातलं की पिशवी घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला सुवार्ता सांगायची नसते. कुणी आपणहून विचारलं तर रात्रभर बोलतो." मला हे शंभर टक्के मान्य आहे. येशूच्या दृष्टांतातल्या शोमरोनी माणसानं वाटेत पडलेल्याच्या जखमा बांधल्या, खाणावळवाल्याला पैसे दिले आणि पुन्हा येईन म्हणाला. पडलेल्याला त्यानं एकही प्रश्न विचारल्याचं लिहिलेलं नाही.

रविवार, ६ एप्रिल: उपासना

दोन कंटेनर जोडून वर पत्र्याचं छप्पर घातलेलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, मागं उभे असलेले तरुण, दारात चपलांचा ढीग. गाणी तुर्कीत आणि अरबीत. एका मुलीनं करिंथकरांस दुसऱ्या पत्रातला आठवा अध्याय वाचला: मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः संकटात आणि कमालीच्या दारिद्र्यात होत्या, तरी दान देऊ द्या म्हणून त्यांनीच विनवलं. या मुलीचा भाऊ भूकंपात गेला, हे नंतर कळलं.

मग पाळकांनी सांगितलं की आजचं अर्पण म्यानमारला जाईल. नऊ दिवसांपूर्वी, २८ मार्चला, तिथं ७.७ चा भूकंप झाला होता. मंडाले आणि सगाइंग उद्ध्वस्त झाली होती, मृतांचा आकडा तीन हजारांवर गेला होता. रमजानमधला शुक्रवार होता, नमाजाला आलेली माणसं मशिदींखाली गाडली गेली. बौद्ध विहार पडले, चर्च पडली.

मी आणि ताई एकमेकांकडं बघत राहिलो. आम्ही ज्यांना द्यायला आलो होतो तेच द्यायला निघाले होते.

सगळ्यांना ते पटलं होतं असंही नाही. मागच्या रांगेतला एक प्रौढ माणूस उठून बोलला, "आमचंच घर अजून झालेलं नाही. माझी तीन मुलं एका कंटेनरमध्ये झोपतात. आम्ही कशातून द्यायचं?" त्याला कुणी गप्प केलं नाही. पाळक म्हणाले की प्रश्न बरोबर आहे, आणि ज्याला देणं शक्य नाही त्यानं देऊ नये, कारण ऐपतीप्रमाणं असंच लिहिलंय. मग त्यांनी अकरावा अध्याय उघडला आणि मी आजवर न पाहिलेली गोष्ट दाखवली. अगबानं दुष्काळ सांगितला तो एकट्या यहूदीयावरचा नव्हे, सगळ्या जगावरचा. म्हणजे अंत्युखियाच्या लोकांवरही तो येणार होता. तसं ऐकल्यावर कुणीही आधी आपली कोठारं भरली असती. या शहरातल्या माणसांनी ती बातमी ऐकली आणि विचारलं, आपल्यापेक्षा जास्त झळ कुणाला बसेल?

दुसरा एक जण उठला. त्याला ढिगाऱ्याखालून पस्तीस तासांनी काढलं होतं. तो म्हणाला, वरून आवाज आला तेव्हा भाषा कळली नाही, पण हाक मारताहेत हे कळलं. ते लोक कुठल्या देशाचे होते ते त्याला आजही माहीत नाही. "ते मला ओळखत नव्हते," एवढं बोलून तो खाली बसला.

पेटी फिरली. तीन मुलांच्या बापानं पेटीत काही टाकलं की नाही ते मी पाहिलं नाही, मान मुद्दाम खाली ठेवली. उपासनेनंतर दोन माणसांनी सगळ्यांसमोर टेबलावर पैसे मोजले, आकडा फळ्यावर लिहिला, आणि कोणत्या मार्गानं, कुणाच्या सहीनं तो जाणार तेही लिहिलं. ही पद्धत मी आमच्याकडं नेणार आहे.

सोमवार: समनदाग

शेवटच्या दिवशी पाळक आम्हाला समनदागला घेऊन गेले. वाटेत वाकिफली लागलं, तुर्कस्तानातलं उरलेलं एकमेव आर्मेनियन गाव. संत्र्यांच्या बागा, आणि भूकंपानं तडे गेलेलं चर्च. थांबायला वेळ नव्हता.

चेवलिकच्या किनाऱ्यावर प्राचीन सलुकियाचं बंदर होतं. बर्णबा आणि पौल पुढं सुवार्तेच्या पहिल्या प्रवासाला इथूनच जहाजानं कुप्रला गेले. यरुशलेमला मदत नेली ती समुद्रानं की खुष्कीच्या वाटेनं, ते प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकनं लिहिलेलं नाही. बंदर गाळानं भरू नये म्हणून रोमनांनी डोंगर फोडून पुराचं पाणी वळवलं, तो बोगदा अजून आहे. बंदर मात्र गाळाखाली गेलंच.

तिथं बसून हिशेब केला. दोन वर्षांत आलेली रक्कम, तंबू, औषधं, शिलाई यंत्रं, दोन मुलांच्या कृत्रिम पायांचा खर्च, एका शिक्षिकेचा पगार. एक कलम त्यांनी स्वतःहून दाखवलं: कोंबड्या पाळायचा प्रयत्न पहिल्याच उन्हाळ्यात फसला, तितके पैसे वाया गेले. मी त्यापुढं टिंब करून सही केली. फसलेलं कलम कागदावर आहे म्हणून बाकीच्या कलमांवर माझा विश्वास दुणावला.

दुसऱ्या वर्षापासून सगळीकडून येणारी मदत आटत गेली, हे आकड्यांत स्वच्छ दिसत होतं. बातम्या थांबल्या की पैसे थांबतात. गरजा मात्र उलट्या क्रमानं येतात: तंबू एकदाच लागतो, पण वाढत्या मुलाचा कृत्रिम पाय पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. पौलानं करिंथकरांना म्हणूनच सांगितलं होतं की प्रत्येकानं आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीतून बाजूला काढून ठेवावं, आणि त्याच करिंथकरांना पुढं लिहावं लागलं की गेल्या वर्षी हौसेनं सुरू केलंत ते आता पुरं करा. मन हेलावतं त्या दिवशी देणं सोपं असतं. मला आता त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांची व्यवस्था लावायची आहे.

त्यांना आणखी काय हवंय ते विचारलं. कपडे नकोत, खेळणी नकोत. पाय गमावलेल्या मुलांकडं आठवड्यातून दोनदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं मानधन दोन वर्षं मिळावं, आणि आजीसारख्यांना तपासायला येणाऱ्या परिचारिकेच्या गाडीचा डिझेलखर्च. ताईंनी ती यादी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली आणि खाली पाळकांची सही घेतली.

परतल्यावर मंडळीच्या सभेत तीन गोष्टी मांडणार आहे. अंताक्याचं मासिक अर्पण दोन वर्षं आकडा ठरवून चालू ठेवायचं. म्यानमारसाठी वेगळं अर्पण घ्यायचं, आणि ते पाठवण्याआधी तिथं काम करणाऱ्यांना पत्र लिहून विचारायचं की काय हवंय. तिसरं म्हणजे अर्पण मोजणं यापुढं सर्वांसमोर, टेबलावर. अंताक्याच्या हिशेबाचा कागद, कोंबड्यांच्या कलमासकट, पुढच्या रविवारी फलकावर लावलेला असेल. ज्याला शंका असेल त्यानं उपासनेनंतर मला किंवा ताईंना विचारावं.